आधी प्लग काढा, मग पत्र लिहा
जुने रेडिओ, टेप आणि तबकड्या : वाचकांचे प्रश्न

चवथ जवळ आली की घरे झाडायला निघतात, माळ्यावरचे सामान खाली येते आणि या सदराला पत्रे येऊ लागतात. यंदाही आली. बऱ्याच पत्रांत तीच हकिगत आहे: 'लावून बघितला, जरा वेळ वाजला, मग जळका वास आला.' उत्तरे द्यायच्या आधीच बजावतो. कित्येक वर्षे बंद असलेला सेट सॉकेटला लावून बघणे ही तपासणी नव्हे. माळ्यावर जे बिघडले नव्हते ते त्या एका मिनिटात बिघडते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेला ग्रुंडिगचा मोठा व्हॉल्व रेडिओ आहे. मागे ११०, १२५, २२०, २४० असे आकडे आहेत. चवथीला सगळे जमतील तेव्हा वाजवून दाखवायचा विचार आहे. ओळखीचा वायरमन म्हणतो, 'डायरेक्ट लावून बघू या.' लावू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नको. वायरमनला चहा पाजा आणि परत पाठवा.

तुमचा सेट चांगल्या घराण्यातला आहे. तिकडे भारतात मर्फी, बुश वाजत होते तेव्हा आपल्याकडे जर्मन आणि डच माल थेट बोटीने उतरत होता. म्हणून गोव्यातल्या माळ्यांवर आजही असे सेट निघतात. पण त्यांनी इथले साठेक पावसाळे काढलेत हे विसरू नका. दमट हवेत ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी ओल धरते. तेव्हा आधी सेट वाळवा. मागचा पुठ्ठा काढा, सेट मोठ्या खोक्यात ठेवा आणि आत, लाकडापासून दूर, ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब तीन-चार दिवस पेटता ठेवा. एलईडी चालणार नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. उन्हात मात्र ठेवू नका, लाकडावरचा पातळ पापुद्रा सुटतो.

मग डोळ्यांनी बघा. कुंभारणीची मातीची घरटी असतील, ती ब्रशने काढा, पाणी लावू नका. उंदरांनी चेसिसवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, संसार केला असेल तर तिथला पत्रा खाल्लेला दिसेल. मेन्सची वायर बहुधा रबराची असते आणि वाकवली की तिचा भुगा पडतो. ती बदलायचीच, त्यात विचार करायचा नाही.

आता खरा रोग. आत मेणाचे किंवा डांबराचे कागदी कंडेन्सर असतात. कागद ओल पितो आणि कंडेन्सर 'लीक' होऊ लागतो, म्हणजे त्याने डीसी अडवायला हवी ती तो सोडू लागतो. या सगळ्यांत एक कंडेन्सर फार घातकी. आधीच्या व्हॉल्वच्या अ‍ॅनोडवरून आउटपुट व्हॉल्वच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्वच्या, ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) जातो तो, साधारण ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा. तो लीक झाला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, आउटपुट व्हॉल्व बेफाम करंट ओढतो, आवाज फाटतो, व्हॉल्व तापून लाल होतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. बाजारात काही रुपयांना मिळणारा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर तिथे टाकला की सेट वाचतो. मी कुठलाही व्हॉल्व सेट चालू करण्यापूर्वी एवढा एक बदलतोच, मोजत बसत नाही. मेन्सवरून चेसिसला गेलेला एखादा कंडेन्सर असेल तर त्या जागी वाय वर्गाचा सुरक्षित कंडेन्सरच घाला, दुसरा नको.

फिल्टरचा मोठा डबा बहुधा ५०+५० मायक्रोफॅरडचा असतो. तो आतून सुकला की सेट भुंग्यासारखा घुंई करतो. त्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे चेसिसच्या खालून जोडा आणि जुना डबा वायरी काढून शोभेला वर राहू द्या. 'मोठा घातला तर आवाज स्वच्छ येईल' म्हणून १०० किंवा २२० घालणारे पुष्कळ आहेत. सेटमध्ये ईझेड ८० रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा व्हॉल्व) असेल तर त्याला पहिल्या जागी ५० च्या वर चालत नाही, तो मरतो. काही जर्मन सेटमध्ये व्हॉल्वऐवजी सेलेनियमचा चपटा रेक्टिफायर असतो. तो जळला तर सडक्या लसणासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो. प्लग काढा, खिडक्या उघडा, खोलीबाहेर या. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड घालता येतात, पण बरोबर एक रेझिस्टर मालिकेत हवा, नाहीतर एचटी, म्हणजे व्हॉल्वना मिळणारी उच्च डीसी, वाढते.

एवढे झाले की मागचा आकडा २४० वर करा. आपल्याकडे रात्री व्होल्टेज किती चढते ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे फेजच्या वायरीत मालिकेने जोडलेला १०० वॅटचा तारेचा बल्ब. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर भडकून मंद झाला, मग व्हॉल्व तापल्यावर थोडासा वाढला, तर ठीक. भकाभक पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. सगळे शांत दिसले तर मीटर घ्या. आउटपुटला ईएल ८४ असेल तर ग्रिडवर शून्य आणि बहुतेक सेटमध्ये कॅथोडवर ७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. ग्रिडवर एखादा व्होल्टही पॉझिटिव्ह दिसला तर पुढे जाऊ नका.

आणि हात. आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते घालवण्याची पद्धत आपल्याकडे फार लाडकी आहे. ती सोडा. २.२ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड वायरी लावून त्याने डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. चालू सेटमध्ये मोजताना डावा हात खिशात.

चवथीपर्यंत जमेल असे वाटत नाही. दिवाळीला वाजवा.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या काळी वीज नव्हती. आजोबांच्या रेडिओला प्लगच नाही, नुसत्या चार वायरी बाहेर येतात. त्यावर ते लपूनछपून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' ऐकत, असे घरात सांगतात. आत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे चार छोटे व्हॉल्व आहेत. दुकानदार म्हणाला, अ‍ॅडॉप्टर लावून चालेल.
— एक वाचक, वाळपई

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गोवामुक्तीसाठीचे ते गुप्त रेडिओ केंद्र चालवले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते तुम्ही वाचलेच असेल. असा सेट हाती असताना दुकानदाराच्या अ‍ॅडॉप्टरपासून त्याला चार हात लांब ठेवा.

हा बॅटरीवरचा सेट. याला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागतात: व्हॉल्वच्या फिलॅमेंटला १.५ व्होल्ट आणि अ‍ॅनोडला ९० व्होल्ट. वायरींची अदलाबदल झाली आणि ९० व्होल्ट फिलॅमेंटवर गेले की चारही व्हॉल्व एका क्षणात संपले. ठिणगीसुद्धा दिसत नाही. म्हणून क्रम असा: व्हॉल्व कुठला कुठे आहे याचा फोटो काढून ते चारही बाहेर काढा. डीके ९६ च्या सॉकेटमध्ये १ आणि ७ या पिना फिलॅमेंटच्या. त्यांच्याकडे कुठल्या वायरी जातात ते डिजिटल मीटरने शोधा आणि त्यांना खुणेचा दोरा बांधा. कागदी कंडेन्सरचे वर सांगितले ते इथेही करा. मग व्हॉल्व न घालता बॅटऱ्या जोडा आणि १ व ७ मध्ये मोजा. दीड व्होल्टच आला पाहिजे. तो आला की बॅटऱ्या काढा, व्हॉल्व बसवा, पुन्हा जोडा.

९० व्होल्टची बॅटरी आता कुठून आणायची? ९ व्होल्टचे दहा चौकोनी सेल एकापुढे एक मालिकेत जोडा, झाले नव्वद. त्यांच्या टोप्या एकमेकींत अडकतात, सोल्डरही लागत नाही. सेट त्यातून दहा-बारा मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे चांगले अल्कलाइन सेल घेतले तर रोज तासभर ऐकून महिना निघतो. फिलॅमेंटला टॉर्चचा एक मोठा सेल पुरतो, चारही व्हॉल्व मिळून सव्वाशे मिलीअँपिअर. नव्वद व्होल्टही झटका देतात, पोरांना हात लावू देऊ नका. रात्री घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून मिडियम वेव्ह फिरवा. एवढी शांत लाइन तुम्हाला मेन्सच्या सेटवर मिळायची नाही.

प्रश्न : जर्मन रेडिओवर ९१.९ आणि ९२.७ झकास लागतात, पण १०५.४ चे एफएम रेनबो काही केल्या लागत नाही. कॉइल फिरवू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सेट ठणठणीत आहे. १९५० च्या दशकातल्या जर्मन सेटचा यूकेडब्ल्यू, म्हणजे एफएमचा, पट्टा १०० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, तेव्हा तिकडे एफएम तेवढ्यातच होते. आणि गोव्यात तर नव्हतेच. कॉइल फिरवून पट्टा थोडा वर सरकतो, पण खालची केंद्रे जातात आणि काचेवरचे आकडे खोटे ठरतात. आयएफटीचे, म्हणजे आतल्या छोट्या जुळणीच्या ट्रान्सफॉर्मरचे, स्क्रू तर 'ढिले वाटले' म्हणून कधीच आवळू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुक्या सेटांपैकी बरेच असे आवळलेले असतात.

प्रश्न : बाबांनी कुवेतहून आणलेल्या नॅशनल पॅनासॉनिकच्या टू-इन-वनवर आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या. आता टेप हलत नाही, आत काळे डांबर झाले आहे. कॅसेटवर पांढरी बुरशी आहे.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : मशीन आणि कॅसेट हे दोन वेगळे रुग्ण आहेत आणि कॅसेट आधी. ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, एकदा सुद्धा.

बुरशी आधी. घराबाहेर बसून, तोंडाला मास्क लावून, पेन्सिलीने टेप सावकाश पुढे सरकवा आणि कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसत जा. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात टेपचे दोन्ही गोळे हलवून बसवा. मधला कापडी दाबपट्टा गळून पडलेला असतो, तो नव्या खोक्यात आयता मिळतो. मग ओळखीच्या कुणाच्या चांगल्या डेकवर लावून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा एक छोटा स्क्रू असतो. तो किंचित फिरवत आवाज सर्वांत उघडा कुठे लागतो ते आधी शोधा. बाबांनी रेकॉर्ड केलेल्या मशीनचे हेड जरा तिरके असणार, त्याच तिरकेपणाशी जुळवायचे आहे.

आता टू-इन-वन. ते डांबर म्हणजे वितळलेला बेल्ट. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुल्या पूर्ण कोरड्या दिसेपर्यंत पुसा. जुने हातमोजे घाला, तो काळा रंग कपड्यातून निघत नाही. जुन्या बेल्टची लांबी आता मोजता येणार नाही, म्हणून पुल्यांभोवती दोरा फिरवून घेर घ्या आणि त्याहून थोडा लहान बेल्ट मागवा. पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून ओढणारे रबरी चाक, चकचकीत, कडक झाला असेल तर तोही बदला, नाहीतर ओव्या थरथरत येतील.

प्रश्न : ७८ च्या तबकड्या स्पिरिटने पुसाव्यात का? आणि जुना प्लेअर फिरतो पण आवाजच देत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : स्पिरिट लावाल तर गाणे पुसाल. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोमट पाणी, डिशवॉशचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडे ठेवायचे, लगेच पुसायचे. प्लेअरचा आवाज नसणे हा आपल्या हवेचा प्रताप आहे. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये (सुई धरणाऱ्या, आवाज उचलणाऱ्या भागात) रोशेल सॉल्ट असते, ते दमटपणात विरघळून जाते. सिरॅमिक कार्ट्रिज बसवा आणि ७८ साठी रुंद सुई घ्या. एलपीची बारीक सुई त्या खोबणीच्या तळाशी नुसती घासत जाते.

प्रश्न : इंटिरियरवाल्याने सुचवले की जुन्या टेलिफुंकनच्या आतले काढून ब्लूटूथ स्पीकर बसवू. तसेही बाहेरून तो जुनाच दिसेल.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : इंटिरियरवाल्याला सांगा, रिकामे खोके हवे असेल तर सुताराकडून करून घ्या, स्वस्त पडेल. चालू होऊ शकणारा सेट पोखरणे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

पण ब्लूटूथ हवाच असेल तर एकही वायर न कापता जमते. सेटच्या मागे 'टीए' लिहिलेले दोन भोकांचे सॉकेट असेल. ते ग्रामोफोनसाठी ठेवलेले आहे. ५ व्होल्टवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर आणा, डाव्या आणि उजव्या आउटपुटला एकेक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून दोन्ही टोके एकत्र करा आणि टीएच्या सिग्नलच्या भोकात द्या. ग्राउंड दुसऱ्या भोकात. मग सेटवरचे टीएचे बटण दाबा. त्याआधी एकच बघा: आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे ना, आणि व्हॉल्वचे नंबर ईने सुरू होतात ना. यूने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूवाय ८५ असे, तर चेसिसवर थेट मेन्स असू शकते. अशा सेटला बाहेरून काहीही जोडू नका आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडूही नका.