एकाच कुळातली वनस्पतींची एन्झाइम्स वेगवेगळे सब्स्ट्रेट कसे निवडतात?

तुमचा प्रश्न असा: दोन एन्झाइम्सची घडी (प्रथिन-साखळी दुमडून झालेला आकार) जवळजवळ सारखी, प्रत्यक्ष रसायन घडवणारी अमिनो आम्लंही तीच, मग एक मोठा रेणू धरतं आणि दुसरं लहान, असं का?

कारण अभिक्रिया घडवणारी अमिनो आम्लं आणि सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्या रेणूवर काम करतं तो) निवडणारी अमिनो आम्लं बऱ्याचदा निराळी असतात. परीक्षेसाठी आपण पहिली पाठ करतो. निवड मात्र सक्रिय स्थानाच्या, म्हणजे अभिक्रिया जिथे घडते त्या जागेच्या, पोकळीच्या भिंती करतात.

माझं आवडतं उदाहरण चाल्कोन सिंथेजचं. फुलांच्या रंगद्रव्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे एन्झाइम. लसूणघासातल्या चाल्कोन सिंथेजची स्फटिक-रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ते कुमारॉइल-कोए या मोठ्या रेणूपासून (कोए म्हणजे को-एन्झाइम ए) सुरुवात करतं आणि त्याला मॅलोनिल-कोएचे तीन तुकडे जोडतं. जर्बेरातलं त्याचं भावंड, पायरोन सिंथेज, सुरुवातीला इवलंसं अॅसिटिल-कोए घेतं आणि दोनच तुकडे जोडून थांबतं. दोघांतही सिस्टीन, हिस्टिडीन आणि अॅस्परजीन हेच त्रिकूट काम करतं. फरक आहे जागेचा: जर्बेराच्या एन्झाइमची पोकळी चाल्कोन सिंथेजच्या साधारण एक तृतीयांश आहे. संशोधकांनी चाल्कोन सिंथेजमध्ये तीनच बदल केले: १९७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी ल्युसिन, २५६ व्या जागी ग्लायसिनऐवजी ल्युसिन आणि ३३८ व्या जागी सेरिनऐवजी आयसोल्युसिन. जाडजूड अमिनो आम्लं आत घुसली, पोकळी आक्रसली आणि एन्झाइम अॅसिटिल-कोएपासून पायरोन बनवू लागलं. त्रिकुटाला कुणी हातही लावला नव्हता.

भिंतीचा आकारच नाही, विद्युतभारही मोजला जातो. पपईतलं पपेन घ्या. ते प्रथिन-साखळी जिथे तोडतं, त्याच्या अलीकडचं दुसरं अमिनो आम्ल फेनिलअॅलनिनसारखं जलविरोधी असलं तर त्याला जास्त मानवतं, कारण ते ज्या खळग्यात बसतं त्याच्या भिंती तशाच आहेत. त्या खळग्याच्या तळाशी पपेनमध्ये २०५ व्या जागी सेरिन आहे. आपल्या शरीरातल्या कॅथेप्सिन बी या त्याच्याच नातलगात तिथे ऋणभारित ग्लुटामेट आहे, म्हणून ते धनभारित आर्जिनिनलाही जागा देतं.

‘कुलूप आणि किल्ली’ ही १८९४ मधली एमिल फिशरची उपमा इथवर चालते. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एन्झाइमपाशी ती लंगडी पडते. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही इतके लहान, की आकारावरून वेगळे काढता येतील असा खळगाच करणं अवघड. निवड होते ती अभिक्रियेच्या मधल्या अवस्थेला किती आधार मिळतो त्यावर, आणि ती अर्धवटच होते. २५ अंश तापमानाला, नेहमीच्या हवेत, सी-३ (गहू-भातासारख्या) वनस्पतींत साधारण तीन-चार वेळा कार्बन डायऑक्साइड पकडला की एकदा ऑक्सिजन पकडला जातो. त्यातूनच प्रकाशश्वसन सुरू होतं, म्हणजे आधी पकडलेला काही कार्बन परत सुटतो.

तुमच्या हातात नवा जनुक-क्रम असेल आणि डेटाबेसमध्ये त्यापुढे ‘चाल्कोन सिंथेजसारखं’ एवढंच लिहिलं असेल, तर त्यावर विसंबू नका. आधी १९७, २५६ आणि ३३८ या जागांशी जुळणारी अमिनो आम्लं कोणती ते पाहा. संगणकानं बांधलेली रचनाही जपून वापरा. त्यात बहुधा एकच स्थिर ठेवण दिसते, आणि सब्स्ट्रेट आत आल्यावर हलणाऱ्या कड्या त्यात दिसत नाहीत. शेवटी शुद्ध केलेलं एन्झाइम घेऊन दोन-तीन सब्स्ट्रेट समोर ठेवून तपासावंच लागतं.