अक्कलदाढ काढताना लेसर की ड्रिल?

प्रश्न : माझे वय २७ वर्षे आहे. खालच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ आडवी असून हाडात अडकलेली आहे. तिच्यावरची हिरडी वारंवार सुजत असल्यामुळे ती काढण्याचा सल्ला मिळाला आहे. एका डॉक्टरांनी ड्रिलने हाड कापून दाढ काढू असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी लेसरने काढल्यास दुखणार नाही आणि सूजही येणार नाही असे सांगण्यात आले. मला ड्रिलच्या आवाजाची फार धास्ती वाटते. लेसर निवडावा का?

उत्तर : नुसत्या लेसरने दाढ निघत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. दोन्ही पद्धतींत जागा बधिर करून हिरडीला छेद दिला जातो, ती बाजूला सारून दाढेभोवतीचे हाड थोडे कमी केले जाते, आडव्या दाढेचे बहुधा दोन तुकडे करावे लागतात आणि शेवटी एलिव्हेटर नावाच्या उपकरणाने ते सैल करून बाहेर काढून टाके घातले जातात. हाड कशाने कापायचे, एवढ्याच टप्प्यावर ड्रिल आणि लेसर यांच्यात फरक पडतो.

ड्रिलमधला बर, म्हणजे टोकाला बसवलेला फिरता कापणारा भाग, हाड घासून कापतो आणि घासले की उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर टिकले तरी त्यातील पेशींना इजा होते, हे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. म्हणूनच कापताना बरच्या टोकावर सलाइनची धार सतत सोडली जाते. शस्त्रक्रियेसाठीचा हँडपीस (बर बसवलेला, हातात धरायचा भाग) दात भरताना वापरल्या जाणाऱ्या एअरोटरपेक्षा वेगळा असतो. एअरोटरमधून बाहेर पडणारी हवा उचललेल्या हिरडीखाली शिरली, तर गाल आणि मान अचानक फुगतात आणि दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर जाणवते. त्यामुळे येथे हवा पुढे न फेकणारा हँडपीसच वापरावा लागतो.

लेसरचे तंत्र निराळे आहे. हाड कापण्यासाठी मुख्यतः एर्बियम जातीचे लेसर वापरतात. एर्बियम-यॅग लेसरची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असते आणि हा प्रकाश पाण्यात अतिशय वेगाने शोषला जातो. हाडातले पाणी क्षणार्धात वाफ होऊन फुटते आणि त्यासोबत हाडाचा सूक्ष्म कण उडतो. टोक हाडावर टेकवावे लागत नाही, कंपने जवळजवळ नसतात आणि सोबत पाण्याचा फवारा असेल तर आजूबाजूचे हाड फारसे तापत नाही. दाताच्या कठीण भागावर हा लेसर वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे हे तंत्र कालपरवाचे नाही. मात्र अनेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेसर, आणि तो हिरडीसारख्या मऊ ऊतींपुरताच उपयोगी आहे. त्याने हाड कापता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज कमी व्हावी म्हणून गालावरून मंद लेसर फिरवतात, तो तर तिसराच प्रकार. तुम्हाला ‘लेसर’ सांगणाऱ्या डॉक्टरांना तो कोणत्या जातीचा आहे आणि त्याने हाड कापणार की केवळ हिरडी, एवढे स्पष्ट विचारावे.

लेसरचे तोटेही आहेत. बर हाडातून दाढेत शिरला की हाताला प्रतिकार बदललेला कळतो. लेसरमध्ये हा स्पर्श मिळत नाही, त्यामुळे छेद किती खोल गेला हे केवळ डोळ्यांनीच ठरवावे लागते, आणि रक्त साचलेल्या खोलगट जागी ते सोपे नसते. हाड कापण्याचा वेग कमी असल्यामुळे तुलनात्मक अभ्यासांत लेसरने शस्त्रक्रियेला बहुधा जास्त वेळ लागलेला दिसतो. वेदना आणि सूज यांबाबतचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. काहींत लेसर किंचित सरस ठरतो, तर काहींत विशेष फरक आढळत नाही. हिरडी किती उचलली, हाड किती काढले आणि जखम किती वेळ उघडी राहिली यांवर सूज बरीचशी अवलंबून असते. ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते. ‘सूज येणारच नाही’ हे आश्वासन मी तरी कोणत्याही उपकरणाच्या जोरावर देणार नाही.

राहिला आवाज. एर्बियम लेसरही निःशब्द नसतो; त्याचा फटफट असा आवाज येतो. ड्रिलचा आवाज हाडातून थेट कानापर्यंत पोहोचत असल्यामुळे तो अधिक मोठा भासतो, पण बधिरता नीट आली असेल तर त्याच्यासोबत वेदना नसते. धास्ती मोठी असेल तर गुंगीच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आडव्या दाढेसाठी, अशा दाढा नेहमी काढणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या हातातले ड्रिल मी लेसरपेक्षा पसंत करीन.

प्रश्न : खालचा ओठ कायमचा बधिर होण्याची भीती लेसरने कमी होते का?

उत्तर : केवळ लेसर वापरल्याने ती कमी होत नाही. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्यातील नलिकेतून जाते, आणि दाढेची मुळे तिच्या किती जवळ आहेत यावर धोका ठरतो. नसेतही पाणी भरपूर असल्यामुळे एर्बियम लेसर तिला हाडापेक्षा वेगळे ओळखत नाही. ओपीजी एक्स-रेमध्ये (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये) मुळाजवळ नलिकेची पांढरी रेघ तुटलेली दिसली, नलिका वळलेली दिसली किंवा मूळ तेथे काळपट दिसले, तर सीबीसीटी हा स्कॅन करून त्रिमितीय चित्र पाहणे योग्य ठरते. मुळे नलिकेला चिकटलेली असतील आणि दाढ किडलेली वा मुळाशी संसर्ग झालेली नसेल, तर फक्त दाढेचा वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवण्याचा पर्याय असतो. ही मुळे पुढे कधी वर सरकल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. नसेचा विचार करून उपकरण निवडायचेच असेल, तर ध्वनिलहरींवर चालणाऱ्या पिएझो यंत्राबद्दल विचारावे. सुमारे २५ ते ३० किलोहर्ट्झच्या त्याच्या कंपनांनी कठीण हाड कापले जाते, पण मऊ ऊतींना ओझरता स्पर्श झाला तरी सहसा इजा होत नाही. त्यालाही ड्रिलपेक्षा वेळ अधिक लागतो.