नाचात मध्येच चुकलं की माझी मुलगी पुन्हा पहिल्यापासून का सुरू करते? मेंदू हालचालींचा क्रम कसा सांभाळतो?

कारण तिच्याकडून तो नाच एकाच क्रमानं घोटून घेतलाय. पोरीला बोलू नका, शिकवणाऱ्याला विचारा.

मी कोल्हापुरात शाळेत पीटी शिकवायचो, लेझीम माझ्याकडे. एका ज्येष्ठ सरांचं पालुपद ठरलेलं: "हाडात मुरू दे, डोकं लागायलाच नको." त्यांची तुकडी रोज चार आवाज, पवित्रा, आगे फलांग त्याच क्रमानं, त्याच हलगीवर करायची. मी हुकूम उलटेपालटे द्यायचो, तर म्हणायचे, "पोरांचा गोंधळ करतोस लेका." एकदा शिवाजी स्टेडियमवर कार्यक्रमाला पाहुणे उशिरा आले. निरोप आला, पवित्रा गाळा. त्यांच्या पोरांनी माना डोलावल्या आणि पाय गेले ते पवित्र्यातच! पुढची रांग फलांगीत, मागची पवित्र्यात, दोघांच्या लेझमी एकमेकींत अडकलेल्या. माझी तुकडी बिनघोर पुढं गेली. सर अजून म्हणतात, हलगीवाल्यानं घोळ घातला.

हलगीवाल्यानं नाही. एक हालचाल संपली की तीच पुढचीला उठवते, ही समजूत कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्येच मोडीत काढली. पियानोवर बोटं इतकी झरझर पडतात की एकाची खबर मेंदूला पोचून पुढचा हुकूम निघायला वेळच नसतो. पुढचं आधीच मांडलेलं असतं. १९९४ मध्ये जपानात तांजी आणि शिमा या मेंदू-संशोधकांनी माकडांना दांडी ढकलणं, ओढणं, फिरवणं वेगवेगळ्या क्रमानं शिकवलं. सप्लिमेंटरी मोटर एरिया, म्हणजे मेंदूतला हालचाली आखणारा एक भाग, त्यातल्या काही पेशी ठरावीक क्रमाआधीच जाग्या व्हायच्या. हालचाली त्याच, पण क्रम बदलला की गप्प. पुढे तो भाग औषधानं तात्पुरता बधिर केला, तर आठवून क्रम जमेना, खुणा दाखवल्या की जमायचा.

तुमच्या मुलीचं म्हणाल, तर घोटलेल्या हालचालींचा बेसल गँग्लियात, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यांत, एकसंध तुकडा होतो. तिथल्या बऱ्याच पेशी तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जोर धरतात. मधून धरायला जागा मिळत नाही ती त्यामुळेच, असं माझं मत.

तिला कुठल्याही कडव्यापासून सुरू करायला लावा, मध्येच "आता तिसरं" म्हणून हाक द्या. अगदी नवखी असेल तर आधी एक क्रम पक्का होऊ दे, तेवढं सरांचं बरोबर होतं. आणि कार्यक्रम आठवड्यावर आला असेल तर यातलं काहीच करू नका.