चाल कुणाची, ते लिही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि झोप उडाली. "काका, त्या मँडरिन गाण्याशी माझ्या मुखड्याचे सहाच बार जुळतात. आठ जुळले तरच चोरी ना?" हा आठ बारांचा, म्हणजे तालाच्या आठ छोट्या मापांचा, हिशोब तू चिनी श्रोत्यांकडून उचललास, हे लगेच कळलं. तिकडे एखाद्या गायकावर आरोप झाला की दोन गाणी शेजारीशेजारी लावतात आणि बार मोजत बसतात. त्यांच्या कॉपीराइट कायद्यात असं कलमच नाही. कोर्ट बघतं ते दोन गोष्टी: मूळ गाणं तुझ्या कानावर पडलं असण्याची शक्यता होती का, आणि साम्य गाभ्यातलं आहे का. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर तू स्वतःच मला लिहून पाठवलंयस!

तेव्हा बार मोजू नकोस. चाल कुणाची, ते लिही.

घेतलीस म्हणून मी रागावलेलो नाही. हाँगकाँगची ऐंशी-नव्वदच्या दशकातली कितीतरी गाणी जपानी चालींवर उभी आहेत. तैवानच्या तेरेसा तेंगने १९८३ मध्ये कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीत, गायलेलं ते आयुष्याच्या वाटेवरचं गाणं जपानी गायिका-संगीतकार नाकाजिमा मियुकीच्या चालीवरचं. १९९२ मध्ये फे वाँग या गायिकेचं नाव झालं ते गाणंही नाकाजिमाच्याच चालीवर. शब्द नवे, भाषा नवी, संगीतकार म्हणून नाव मात्र नाकाजिमाचं. तेरेसाला कुणी चोर म्हटलं नाही. आणि आपल्याकडे? संगीत नाटकांची जुनी पुस्तकं काढून बघ. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांना लाज वाटली नाही, तुला कसली वाटते?

उलट चीनमधल्या त्या 'हुआर' बँडचं प्रकरण घे. १९९९ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा त्यांचा गायक दा चांगवेई पंधरा वर्षांचा होता. २००५ चं 'शी श्वा श्वा' चीनभर वाजलं. पुढच्याच वर्षी ऐकणाऱ्यांनी ते जपानच्या पफी या जोडीच्या गाण्याशेजारी ठेवलं, आणि मग एका गाण्यावर कोण थांबतंय? बाकीची गाणीही चाळणीतून गेली. पोरांच्या अंगात गुण होते गं, याचंच वाईट वाटतं. एक ओळ छापली असती तर तेच गाणं नुसतं जपानी गाण्याचं चिनी रूप म्हणून आनंदाने वाजलं असतं.

शांघाय एक्स्पोचं, त्या जागतिक प्रदर्शनाचं, तर तुला ठाऊकच असेल. २०१० चा एप्रिल, १ मेला एक्स्पो सुरू होणार, आणि जॅकी चॅन, अँडी लाऊसारखी माणसं घेऊन केलेलं प्रचारगीत लोकांना जपानी गायिका ओकामोतो मायोच्या १९९७ च्या गाण्यासारखं ऐकू आलं. आयोजकांनी ते गाणं थांबवलं आणि तिची चाल वापरायची परवानगी मागितली. ती हो म्हणाली! एवढ्या मोठ्या देशाचा एवढा मोठा सोहळा, आणि अडचण सुटली ती एका विनंतीने. हीच विनंती आधी गेली असती तर? मी हे बऱ्याच जणांना सांगतो. ऐकतात, मान डोलावतात आणि पुन्हा बार मोजायला बसतात.

हल्ली तर चिनीत 'गाणं धुणं' असा शब्दच निघालाय. सॉफ्टवेअरमधून चाल घालायची, दोनचार स्वर इकडेतिकडे करायचे, आणि ओळख पटणार नाही इतकी धुऊन बाहेर काढायची. तुला हे जमेल. म्हणून तर काळजी वाटते.

ऐंशीच्या दशकात चीनमधले वादक हाँगकाँग-तैवानच्या कॅसेट ऐकून वाद्यमेळ उतरवून काढत. त्याला ते टेप 'सोलणं' म्हणत. मीही सोलली आहे. त्र्याण्णव साल असेल. एका जाहिरात कंपनीच्या साहेबांनी हाँगकाँगहून आणलेली कॅसेट माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाले, "असंच पाहिजे, पण हे नको." मी मुखडा जसाच्या तसा घेतला, अंतरा फिरवला. जिंगल दोन वर्षं वाजली. तेव्हा घरभाडं थकलं होतं, मुलगी लहान होती, आणि जिंगलवर कुणाचंच नाव नसतं, मग मूळ संगीतकाराचं कुठून टाकणार? हे सगळं खरं आहे. तीस वर्षं मी ते स्वतःला सांगतोय, यावरून काय ते समज.

त्यानंतर मी प्रत्येक कामाच्या कागदावर चालीचा उगम लिहायला लागलो. तीन कामं गेली. "तुम्हाला कुणी विचारलंय का?" असंही ऐकवलं. असेन मी हेकट. पण लिहिलं.

तूही लिही. त्या मँडरिन गाण्याच्या कंपनीला मेल कर, मँडरिन येतं ना तुला? नाही म्हणाले तर मुखडा टाकून दे, तू दुसरा करशील. करशीलच. सहा बारांसाठी रडू नकोस.

आणि पुण्याला येशील तेव्हा घरी ये. ती कॅसेट साहेबांनी परत मागितलीच नाही, अजून माझ्या कपाटात आहे. कव्हरवरचं सगळं चिनीत आहे. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, बहुधा चाल कुणाची ते छापलेलं असावं. मला वाचता येत नाही. तेवढी वाचून दे.

तुझा,
काका