मिठाच्या पाण्यात सोडिअम पेट का घेत नाही?

प्रश्न : सोडिअम धातू पाण्यात टाकल्यास स्फोटक अभिक्रिया होते आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे, असे आम्हाला शिकवले आहे. मीठ पाण्यात विरघळल्यावर त्यातील सोडिअम व क्लोरीन सुटे होतात, असेही शिकवले आहे. मग मिठाचे पाणी निरुपद्रवी कसे राहते?
– इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिला मोठा इतिहास आहे. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतप्रभारित कण, म्हणजेच आयन, सुटे होतात, हा सिद्धान्त स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी मांडला, तेव्हा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांनीही हाच आक्षेप घेतला होता. ज्या प्रबंधातून हा सिद्धान्त पुढे आकाराला आला, त्याला १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली. याच सिद्धान्तासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, त्यामुळे सुरुवातीला या आक्षेपाचे नेमके उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते.

ते उत्तर अणूच्या रचनेत आहे. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. बाहेरच्या कवचातला एकटा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो, आणि धातूची पाण्याशी होणारी जोरदार अभिक्रिया म्हणजे मुख्यतः हा इलेक्ट्रॉन पाण्याला दिला जाणे होय. मिठातल्या सोडिअमने मात्र तो आधीच क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. उरलेल्या धन आयनाची मांडणी २, ८, म्हणजे निऑन या निष्क्रिय वायूसारखी होते. क्लोरीनची २, ८, ७ ही मांडणी २, ८, ८ होऊन आर्गॉनसारखी बनते. केंद्रक तेच राहते, पण रासायनिक वर्तन पूर्णपणे बदलते.

‘पाण्यात टाकल्यावर मिठाचे आयन तयार होतात’ हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ तेच आहे. आयन कोरड्या स्फटिकातही असतात, फक्त जागेवर जखडलेले असतात. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळवले, तर पाण्याचा थेंबही नसताना ते वीज वाहून नेते, हा याचा स्पष्ट पुरावा आहे. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील किंचित धन असल्यामुळे हे रेणू प्रत्येक आयनाला वेढतात आणि आयनांमधले परस्पर आकर्षण सुमारे ऐंशी पटींनी कमी करतात. त्यामुळे ते सुटे राहू शकतात. तेलाच्या रेणूंना असे ठळक ध्रुव नसल्याने तेलात मीठ तसेच तळाशी बसते.

प्रश्न : साखरही पाण्यात विरघळते, मग साखरेच्या पाण्यातून वीज का वाहत नाही?
– एक पालक

उत्तर : विरघळणे आणि आयनांत सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखरेच्या रेणूतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात, आणि विरघळताना रेणू एकमेकांपासून दूर होतात, पण स्वतः अखंड राहतात. द्रावणात प्रभारित कणच नसल्याने वीज वाहत नाही. द्राव्यतेशी याचा संबंध नाही : २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात मीठ जेमतेम ३६ ग्रॅम विरघळते, तर साखर सुमारे २०० ग्रॅम.