रात्री फोन कोण उचलतं ते आधी विचार

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या आईकडून कळलं की तिकडे फिलिपिन्समधल्या बतांगासच्या एका खासगी हॉस्पिटलनं तुला चोवीस तासांच्या ड्यूट्या देऊ केल्यात आणि तू दरासाठी घासाघीस करते आहेस. दर विचारायलाच हवा, पण तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की रात्री तीन वाजता अडलीस तर तुझा फोन कोण उचलणार?

इंटर्नशिप संपेपर्यंत हा प्रश्न पडत नाही. क्लर्कच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या, डोक्यावर इंटर्न असतो, इंटर्नच्या डोक्यावर रेसिडेंट, त्याच्यावर कन्सल्टंट. कुणी ना कुणी रागावायला तरी हजर असतं. मग परवान्याची ती बारा विषयांची परीक्षा होते. सरासरी 75 आणि एकाही विषयात 50 च्या खाली नाही, हे जमलं की पीआरसीचं (व्यवसायाचा परवाना देणाऱ्या सरकारी आयोगाचं) कार्ड हातात येतं आणि वरची सगळी माणसं एका दिवसात नाहीशी होतात. छोट्या खासगी हॉस्पिटलात रात्री इमर्जन्सी, वॉर्ड आणि कधीकधी आयसीयूसुद्धा एकट्या मूनलायटरच्या, म्हणजे ड्यूटीपुरत्या बोलावलेल्या डॉक्टरच्या, गळ्यात असतं. कन्सल्टंट घरी झोपलेले असतात. फोन केल्यावर ते ‘ट्यूब टाक, मी निघालो’ म्हणतात की ‘सकाळी बघू’ म्हणतात, यावर त्या पेशंटचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

हे तिथल्या मॅनेजरला विचारून कळत नाही. रात्रपाळीच्या नर्सला विचार. तुझ्या आधी तिथे कोण होतं ते शोध आणि त्यानं का सोडलं ते विचार. व्हेंटिलेटर आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. तो चालू आहे का, हेही विचार. पेशंट मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा झाला तर रुग्णवाहिकेत सोबत कोण जातं? बऱ्याच ठिकाणी ड्यूटीवरचा डॉक्टरच जातो. म्हणजे तूच. मग तेवढा वेळ मागे इमर्जन्सीत कोण? या प्रश्नावर समोरचा माणूस हसला, तर ती जागा घेऊ नकोस, दर कितीही असो.

आणखी एक प्रसंग येईलच. अपघाताचा पेशंट दारात असेल आणि कॅशियर म्हणेल, डॉक, आधी डिपॉझिट. 2017 चा रिपब्लिक ॲक्ट 10932 तुला पाठ असायला हवा. इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी उपचार अडवणं हा गुन्हा आहे, त्यात दंडही आहे आणि तुरुंगवासही, आणि तो हॉस्पिटलच्या भिंतींना होत नाही. रात्री तिथे हजर असलेली डॉक्टर तू असशील. तू पेशंटला हात लाव, पैशाचं बोलणं नंतर होऊ दे. ‘आमच्याकडे असाच नियम आहे’ असं कुणी म्हणालं तर तो नियम लिहून माग. लिहून देत नाहीत.

सहीचंही तसंच. माझ्या ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये सह्या केलेले प्रिस्क्रिप्शनचे पॅड टेबलाच्या खणात ठेवण्याची पद्धत होती, डॉक्टर जेवायला गेले तरी काम अडू नये म्हणून. तसं तू कधी करू नकोस. मनिलात एर्मिटाच्या कालाव रस्त्याच्या बाजूला खलाशांच्या वैद्यकीय तपासण्यांची जी क्लिनिकं आहेत, तिथे तुझ्या मैत्रिणी लागल्यात म्हणतात. काम हलकं, घरी वेळेवर, झोप पुरेशी. त्यात काही कमीपणा नाही. फक्त ‘फिट’ लिहिण्याआधी तो माणूस समोर उभा करायचा. समुद्रात महिनोन्‌महिने त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, त्यामुळे तिथलं रक्तदाबाचं मोजमाप तुला वाटतं तेवढं किरकोळ नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. मूनलायटर हा नोकरदार नसतो. रजा नाही, एसएसएसचा (सामाजिक सुरक्षा निधीचा) मालकाचा हिस्सा नाही, कोर्टात गेलीस तर वकील तुझा तूच. बीआयआरकडे (कर खात्याकडे) स्वयंरोजगार म्हणून नाव घाल आणि आठ टक्क्यांचा सपाट कर निवड. वर्षाचे पहिले अडीच लाख पेसो त्यातून सुटतात. प्रत्येक हॉस्पिटलकडून 2307 चा कागद, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, घे. तुझा कर कापला गेला, याचा तुझ्याजवळचा पुरावा तेवढाच. पीटीआर, म्हणजे व्यवसाय कराची पावती, 31 जानेवारीच्या आत. मानधन दोन-दोन महिने लटकतं, म्हणून जमेल तेव्हा बाजूला टाक. आणि पहिल्या पगाराचा ब्लोआउट, म्हणजे मेजवानी, पानसितवर (नूडल्सवर) भागव, लेचोन (भाजलेलं अख्खं डुक्कर) नको. तुझी चुलत भावंडं नाराज होतील, होऊ देत. (पानसित ड्यूटीवर मात्र खाऊ नकोस. मी अंधश्रद्धाळू नाही, पण डब्यात पानसित आणि इमर्जन्सीत रांग, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता वाद घालत नाही. ‘आज बेनाइन आहे’, म्हणजे आज शांत आहे, असंही तोंडातून काढायचं नाही.)

तुझे बाबा लॉस बान्योसला भातसंशोधनात, त्यामुळे नाशिकच्या मंडळींना वाटतं तिकडे सगळं आपल्यासारखंच. परवा तुझी आजी मला फोनवर विचारत होती, ‘पीजीचा रँक किती आला?’ त्यांना समजाव की इथे नीटसारखी एक परीक्षा आणि एक यादी नसते. प्रत्येक हॉस्पिटलातला प्रत्येक विभाग आपापली परीक्षा घेतो, मुलाखत घेतो, मग प्री-रेसिडेन्सीत, म्हणजे निवडीआधीच्या चाचणीच्या काळात, राबवून बघतो आणि त्या राबण्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. तेव्हा वर्षभर थांबलीस म्हणून काही ‘ड्रॉप’ घेतला असं होत नाही. पण थांबणं आपोआप लांबतं, हेही खरं. दर ड्यूटीला हातात पैसा येतो, आणि रेसिडेन्सीत गेलं की तो कमी होतो, खासगीत तर फारच. त्यामुळे ‘पुढच्या जानेवारीत बघू’ म्हणत म्हणत चाळिशीला आलेली हुशार माणसं मला माहीत आहेत. त्यातली काही मजेत आहेत. ज्यांनी कधी ठरवलंच नाही, त्यांची मात्र मला काळजी वाटते. तू अर्जाचा महिना आत्ताच ठरव आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत ड्यूट्या निम्म्या कर.

विभाग निवडतानाही तोच प्रश्न घेऊन जा. पीजीएचचं, म्हणजे मनिलातल्या फिलिपिन्स जनरल हॉस्पिटलचं, नाव मोठं आहे आणि ते खरंच मोठं आहे, 1910 पासून गरिबाला दार उघडं असलेली जागा. पण नावाकडे बघून फॉर्म भरू नकोस. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला रात्री गाठून विचार, सीनिअर खाली येतो का? चूक झाली तर सकाळच्या एंडोर्समेंटला (पाळी सोपवतानाच्या बैठकीत) तिच्यावरून शिकवतात की तिच्यावरून सोलतात? पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट लोटतात तेव्हा काय करतात? 2024 च्या ऑगस्टमध्ये केझॉन सिटीतल्या किडनी इन्स्टिट्यूटनं स्वतःची व्यायामशाळाच वॉर्ड करून टाकली होती. मुंबई-कोकणातल्या डॉक्टरांना हा पावसाळा वेगळा सांगावा लागत नाही. गर्दी सगळीकडेच आहे. तिच्यात तुला एकटी सोडतात का, एवढंच बघायचं.

डॉक्टर्स टू द बॅरिओजचा, म्हणजे खेड्यांत डॉक्टर पाठवण्याच्या सरकारी योजनेचा, विचारही तुझ्या डोक्यात आहे, असं तुझी आई जरा घाबरतच म्हणाली. हुआन फ्लाविएर आरोग्यमंत्री असताना 1993 मध्ये सुरू झालेली ही योजना मला फार आवडते, पण फोटो पाहून जाऊ नकोस. 1991 च्या कायद्यानं गावपातळीवरची आरोग्यसेवा स्थानिक सरकारकडे गेली, म्हणजे तुझं औषधांचं बजेट मेयरच्या हातात. मेयर चांगला असेल तर दोन वर्षांत तू जे शिकशील ते कुठल्याच रेसिडेन्सीत मिळणार नाही. नसेल तर पॅरासिटामॉल संपल्यावरही अर्ज लिहीत बसशील. तिथे फोन उचलणारी व्यक्ती बहुधा सुईणच असते. गावात ती किती वर्षं आहे ते विचार. वीस वर्षांची जुनी सुईण असेल तर बेलाशक जा.

चोवीस तासांनंतर लगेच दुसरे चोवीस घेऊ नकोस. बसमध्ये झोप लागून कलाम्बाचा तुर्बिना स्टॉप हुकणारे डॉक्टर एसएलईएक्स महामार्गावर रोज असतात, त्यात हसण्यासारखं काही नाही, कारण त्यांतल्या काहींना त्याच संध्याकाळी पुन्हा ड्यूटी असते.

बतांगासला उत्तर शुक्रवारी द्यायचंय ना? मग उद्या रात्री, अकराच्या पुढे, त्यांच्या इमर्जन्सीत स्वतः जा. पेशंट म्हणून नको, नवी डॉक्टर म्हणून सांगूनच जा. सोबत बुको पाय (शहाळ्याच्या मलईचा गोड ‘पाय’) घेऊन जा, नर्सेस बोलतील. परत आलीस की मला फोन कर, कितीही वाजू देत.

तुझी,
काकू