वाचकांचे प्रश्न : अथेन्सची हद्दपारी आणि सॉक्रेटिसचा खटला

प्रश्न : सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत ज्याने ग्रीकांना इराण्यांवर विजय मिळवून दिला, त्या थेमिस्टोक्लीजला अथेन्सच्या नागरिकांनी पुढच्या दहा वर्षांच्या आतच हद्दपार केले. त्याच्याआधी न्यायी म्हणून नावाजलेल्या अरिस्टायडीजलाही त्यांनी घालवले होते. ज्या नगराला आपण लोकशाहीची जन्मभूमी म्हणतो, तिथल्या लोकांनी इतके कृतघ्न का व्हावे?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे; परंतु ‘कृतघ्न’ हा शब्द मला मान्य करता येत नाही. अथेन्सची ही हद्दपारी शिक्षा नव्हती, आणि तो भेद लक्षात घेतल्याशिवाय या घटनांचा अर्थ लागत नाही.

तिचे मूळ हुकूमशाहीच्या भीतीत आहे. पिसिस्ट्रॅटस आणि त्याच्या मुलांनी अथेन्सवर अनेक वर्षे एकहाती सत्ता गाजवली. इ. स. पू. ५१० मध्ये त्याचा मुलगा हिपियास याला हाकलण्यात आले, पुढे दोन-तीन वर्षांत क्लिस्थेनिसने नागरिकांची दहा गणांत नव्याने विभागणी करून लोकसभेच्या, म्हणजे नागरिकांच्या सभेच्या, सत्तेचा पाया घातला, आणि इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर इराणी सैन्य उतरले, तेव्हा म्हातारा झालेला हाच हिपियास गादी परत मिळवण्याच्या आशेने त्या सैन्याबरोबर आलेला होता. आपल्यातलाच एखादा प्रबळ माणूस उद्या नगर बळकावील, ही धास्ती म्हणूनच काल्पनिक नव्हती. मॅरेथॉननंतर तीनच वर्षांनी पहिली हद्दपारी झाली, ती पिसिस्ट्रॅटसच्या घराण्याशी संबंध असलेल्या हिपार्कस नावाच्या गृहस्थाची.

पद्धत अशी होती. या वर्षी हद्दपारीचे मतदान घ्यावे की नाही, एवढेच हिवाळ्यात लोकसभेला विचारले जाई, आणि त्या वेळी कोणाचेही नाव घेतले जात नसे. होकार मिळाला तर सुमारे दोन महिन्यांनी नगराच्या मुख्य चौकात कुंपण घालून, प्रत्येक गणासाठी वेगळे प्रवेशद्वार ठेवून मतदान होई. फुटक्या मडक्याच्या खापरावर नाव कोरायचे आणि ते खापर आत टाकायचे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिलेल्या माहितीनुसार एकूण खापरे सहा हजारांहून कमी भरली तर मतदान रद्द होई. पुरेशी भरली तर ज्याच्या नावाची खापरे सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत नगर सोडायचे आणि दहा वर्षे परतायचे नाही. त्याच्यावर कोणताही आरोप ठेवला जात नसे, म्हणून बचावाचे भाषणही नसे. त्याची जमीन, घर आणि उत्पन्न त्याच्याच मालकीचे राही आणि नागरिकत्वही अबाधित राही. अथेन्सचा सगळा मुलूख, म्हणजे अ‍ॅटिका, आपल्या नागपूर जिल्ह्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा होता आणि मताधिकार असलेले प्रौढ पुरुष सुमारे तीस हजार होते. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक त्यात मोजलेच जात नसत, हेही विसरता कामा नये. एवढ्या लहान नगरात दोन बलवान पुढारी समोरासमोर उभे ठाकले, तर रक्तपात होण्यापेक्षा एकाला काही काळ बाहेर पाठवणे अधिक सौम्य, असा त्यामागचा विचार दिसतो.

अरिस्टायडीज आणि थेमिस्टोक्लीज यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास लॉरियन येथील खाणींत चांदीचा मोठा साठा हाती लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, असा आग्रह थेमिस्टोक्लीजने धरला आणि तो मान्य झाला. अरिस्टायडीज त्याचा जुना प्रतिस्पर्धी होता, इ. स. पू. ४८२ मध्ये त्याला जावे लागले. परंतु इराणचा राजा झर्क्सीज याचे सैन्य चालून येऊ लागताच अथेन्सने हद्दपार झालेल्यांना परत बोलावले आणि सॅलॅमिसच्या वेळी हेच दोघे एका बाजूने उभे राहिले. ही व्यवस्था निव्वळ सूडाची असती तर हे शक्य झाले नसते.

अर्थात ती निर्दोष होती असेही मी म्हणणार नाही. अथेन्समधील अक्रोपोलिस या टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत पुरातत्त्वज्ञांना थेमिस्टोक्लीजचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली. त्यांतली बरीचशी मद्याच्या प्याल्यांच्या गोल बुडाची आहेत, म्हणजे हातात नीट मावतील आणि कोरायला सोपी जातील अशी. आणि त्यांवरील अक्षरांची वळणे मोजक्याच, चौदाएक हातांची आहेत. कोणीतरी नावे आधीच कोरून वाटण्यासाठी ढीग तयार ठेवला होता, एवढा अर्थ त्यातून सरळ निघतो. मतदाराचे मत घडवणारी संघटित मंडळी तेव्हाही होती. इ. स. पू. ४७१ च्या सुमारास थेमिस्टोक्लीज गेला, पुढे त्याच्यावर फितुरीचा आरोप आला, आणि ज्या इराणी राजघराण्याला त्याने हरवले होते, त्याच घराण्यातील अर्टाझर्क्सीजच्या आश्रयाला राहून त्याचा शेवट झाला. हा शेवट मला आजही अस्वस्थ करतो.

प्रश्न : सॉक्रेटिसलाही अशाच मतदानाने हद्दपार करून त्याचा जीव वाचवता आला नसता का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, महाल, नागपूर)

उत्तर : तोपर्यंत ही पद्धत वापरातून गेली होती. इ. स. पू. ४१७ च्या सुमारास अल्किबायडीज आणि निकियास या दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपापले समर्थक एकत्र करून हायपरबोलस नावाच्या तिसऱ्याच माणसाला बाहेर घालवले, आणि त्यानंतर ती पुन्हा वापरली गेली नाही. मला वाटते, त्याबरोबर अथेन्सने निर्णयाआधी दोन महिने थांबण्याची एक चांगली सवय गमावली.

तिची उणीव इ. स. पू. ४०६ मध्ये दिसली. स्पार्टाविरुद्धच्या अर्गिनुसीच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकले, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. संतापलेल्या लोकसभेने आठ सेनापतींचा निवाडा वेगवेगळा न करता एकाच मतदानात केला. हे नियमबाह्य आहे असे म्हणून त्या दिवशी अध्यक्षमंडळात असलेल्या सॉक्रेटिसने विरोध केला; तो कोणी ऐकला नाही. नगरात परतलेल्या सहा जणांना मृत्युदंड झाला आणि त्यांत अथेन्सचा प्रसिद्ध पुढारी पेरिक्लीज याचा मुलगाही होता. लोकांना लवकरच पश्चात्ताप झाला, असे ग्रीक इतिहासकार झेनोफोन लिहितो.

सात वर्षांनी, इ. स. पू. ३९९ मध्ये, सॉक्रेटिसचा खटला मात्र लोकसभेपुढे नव्हे, तर शेकडो ज्यूरी सदस्यांच्या न्यायालयात चालला. नगराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे हे आरोप मेलेटसने ठेवले होते. अशा खटल्यात दोषी ठरल्यावर फिर्यादी एक शिक्षा सुचवी, आरोपी दुसरी सुचवी, आणि न्यायालयाला त्या दोहोंतूनच एक निवडावी लागे. म्हणजे सॉक्रेटिसने स्वतः हद्दपारी मागितली असती, तर ती बहुधा मंजूर झाली असती. त्याने ती मागितली नाही. आधी नगराच्या खर्चाने सन्मानाचे भोजन मिळावे असे म्हटले आणि मग मित्रांच्या हमीवर तीस मिना (चांदीच्या नाण्यांचे एक परिमाण) दंड देऊ केला. फिर्याद, बचाव, निकाल आणि शिक्षा हे सारे एकाच दिवसात उरकले.